एकाच 316 एल प्लेटवर कार्बन चार तऱ्हेचा का येतो? लेझर गनला सरफेस किती गुळगुळीत लागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. डेअरीच्या टाक्या आणि पाइपिंग करणाऱ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये तुम्ही इनवर्ड इन्स्पेक्शन (आत येणाऱ्या मालाची तपासणी) बघता, कंपनीने नवीन हँडहेल्ड लेझर गन घेतलीय (लिब्स म्हणतात ती, लेझरने ठिणगी पाडून तिच्या उजेडावरून धातूत काय काय आहे ते सांगणारी), आणि एकाच 316 एल प्लेटवर (कमी कार्बनचं स्टेनलेस स्टील) कार्बन असा येतोय: मिलच्या सर्टिफिकेटवर 0.018 टक्के, प्लास्टिक फिल्म सोलून तसंच मारलं तर 0.034, ग्राइंडर फिरवून मारलं तर 0.052, बफ मारून आरसा केला तर कधी 0.024 कधी 0.041. आणि त्याच लॉटबरोबर आलेल्या एक इंची ट्यूबवर 0.009, जे बघून तुमचे साहेब खूश आणि तुम्ही धास्तावलेले. तर सरफेस किती स्मूथ पाहिजे, 1000 नंबरच्या पेपरपर्यंत घासत बसायचं का आणि यातलं खरं रीडिंग कुठलं, असं विचारलंय.

तुम्ही धास्तावलात ते बरोबरच आहे. माझ्या मते त्या सगळ्यात 0.009 हेच सगळ्यात संशयास्पद, 0.052 पेक्षाही जास्त, कारण 0.052 मुळे फार तर चांगला माल परत जाईल पण 0.009 वर विश्वास ठेवला तर साधा, जास्त कार्बनचा 316 हा ‘एल’ म्हणून आत येईल आणि वेल्डिंगनंतर वर्ष-दोन वर्षांनी जोडाच्या शेजारी गंज दिसेल तेव्हा कुणाला आठवणार नाही की इनवर्डला काय झालं होतं. एल ग्रेडला कार्बन 0.03 च्या आत लागतो तो ह्याच वेल्डिंगसाठी, नाहीतर कार्बन क्रोमियमला धरून ग्रेनच्या (धातूच्या कणांच्या) कडेला जाऊन बसतो. म्हणजे तुमचं सगळं भांडण शंभरातल्या दोन-तीन भागांवर नाही, दहा हजारातल्या एक-दोन भागांवर आहे. बाकी निकेल, मॉली (मॉलिब्डेनम), क्रोमियम ह्यांना सरफेसने एवढा फरक पडत नाही, तुम्हालाही तिथे त्रास नसेल.

मी आधी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या लॅबला होतो, नंतर भोसरीत टेस्टिंग लॅबला आलो, त्यामुळे स्पार्क मशीनवर (विजेची ठिणगी पाडून तेच मोजणारं लॅबचं मशीन) जास्त वर्षं गेली, लेझर गन हातात येऊन सहा-सात वर्षं झाली. गन कुठल्या मेकची, तिचा लेझर किती मिलिज्यूलचा, आर्गॉन (ठिणगीजवळ हवा येऊ नये म्हणून सोडतात तो गॅस) कुठून देते, कॅलिब्रेशन कुठल्या पीसवर झालंय ह्यावर आकडे थोडे बदलतील, पण कारणं तीच राहतात.

आता मूळ मुद्दा. सगळ्यांना वाटतं की खरखरीत सरफेस म्हणजे चुकीचं रीडिंग आणि गुळगुळीत म्हणजे बरोबर. हे जरा हिशोबाने बघू. समजा तुम्ही लेथवर फेस मारला, फीड 0.2 एमएम, टूलचा नोज रेडियस 0.8. फीडच्या वर्गाला आठ पट रेडियसने भागलं की खाचेची उंची मिळते, ती येते साधारण 6 मायक्रॉन. लेझरचा स्पॉट असतो 50 ते 100 मायक्रॉनचा. म्हणजे स्पॉट खाचेच्या उतारावर कुठेतरी पडतो, आणि तो उतार जास्तीत जास्त 7 अंशाचा. 7 अंश तिरकं पडल्यावर स्पॉटचा एरिया एक टक्कासुद्धा वाढत नाही. फोकसला 6 मायक्रॉन वर-खाली म्हणजे काहीच नाही. तर सांगायचं काय, नीट मशीन केलेला किंवा 60-80 ग्रिटने घासलेला सरफेस निव्वळ आकार म्हणून लेझरला आरशासारखाच आहे. वाळूच्या साच्यातली कास्टिंग, जिथे खड्डे 12-25 मायक्रॉन आणि वर मोठे मोठे चढउतार, तिथे मात्र उतार 30 अंशापर्यंत जातो, स्पॉट पंधरा टक्के पसरतो, ठिणगी सरफेसला काटकोनात फुलते आणि भिंगाच्या तोंडासमोरून बाजूला सरकते, तिथे रीडिंग नाचतं. पण तुमचं ते प्रकरणच नाही, तुमची प्लेट 2 बी फिनिशची (मिलमधूनच येणारा गुळगुळीत फिनिश), ती मुळातच मायक्रॉनच्या आत गुळगुळीत.

मग कार्बन 0.034 कुठून आला? त्या प्लास्टिक फिल्मच्या गोंदातून. एसएस शीटवर फिल्म चिकटलेली असते ना, सोलली तरी डोळ्याला न दिसणारा चिकटा मागे राहतो, आणि गोंद म्हणजे कार्बनच. हातावरचं तेल, कटिंग ऑइल, मार्करची शाई, चहाचे बोट लागलेला डागसुद्धा, सगळं कार्बन. लेझरचा एक शॉट खोलीला जेमतेम मायक्रॉन-अर्धा मायक्रॉन खातो, म्हणजे तुम्ही मोजताय ती प्लेट नाही, प्लेटची साल आहे, आणि सालीवर जे असेल ते आत धरलं जातं. खरखरीतपणाचा खरा तोटा इथे आहे: खाचेत घाण बसते आणि पुसून निघत नाही. आरसा पुसला की पुसला जातो. 40 ग्रिटच्या खाचा असलेला तुकडा ॲसिटोनने पुसलात तर वरचं निघतं आणि विरघळलेलं खाचेत जाऊन वाळतं.

मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी गाडीवर हेच यंत्र आहे, केमकॅम नावाचं, 2012 पासून सात मीटरवरच्या खडकांवरसुद्धा लेझर मारतंय. तिथे पुसायला कोण जाणार, म्हणून ते एकाच ठिकाणी साधारण 30 शॉट मारतात आणि पहिले पाच धुळीचे म्हणून हिशोबात धरत नाहीत. तुमच्या गनमध्येही क्लीनिंग शॉट किंवा प्री-बर्न असं काहीतरी सेटिंग असेल. ते वापरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. दहा-वीस शॉटमध्ये दहा-वीस मायक्रॉनच्या पुढे जाता येत नाही, आणि काळ्या हॉट रोल्ड मालावरची खपली किंवा गॅल्वनाइजचा थर 50-80 मायक्रॉनचाही असतो. काळ्या बारवर तर खपली काढली तरी खालच्या दशांश-दोन दशांश एमएममध्ये कार्बन जळून कमी झालेला असतो, तिथे चांगली खोल ग्राइंडिंगच पाहिजे.

आता ग्राइंडिंगचा 0.052. तुम्ही डिस्क कुठली वापरली ते लिहिलं नाही, पण मला दोन शंका आहेत आणि बहुतेक दोन्ही खऱ्या निघतील. एक, डिस्क सिलिकॉन कार्बाइडची असणार, काळ्या रंगाची. नावातच आहे बघा, सिलिकॉन आणि कार्बन. कण तुटून धातूत रुततात आणि मग गन इमानदारीने तुमच्या डिस्कचा कार्बन मोजून दाखवते. त्या रीडिंगमध्ये सिलिकॉनही सर्टिफिकेटपेक्षा चढलेला आहे का ते बघा, असेल तर चोर सापडला. दुसरी शंका, तीच डिस्क आधी एमएसवर (माइल्ड स्टील, साधं लोखंड) फिरलेली. एमएसमध्ये कार्बन 0.15-0.20, म्हणजे तुमच्या प्लेटच्या दहापट, त्याचा लेप स्टेनलेसवर चढतो. आमच्याकडे एका नवीन पोराने सकाळी एमएसचे फ्लँज घासले आणि दुपारी त्याच डिस्कने 304 एल चे तुकडे, पूर्ण लॉट फेल दाखवला, सप्लायरचा माणूस आला तेव्हा मी त्याच्यासमोर नवीन डिस्क काढून तोच तुकडा घासला आणि लॉट पास झाला. लाज वाटली पण शिकलो. तेव्हापासून स्टेनलेसच्या डिस्कवर लाल रंगाचा पट्टा मारून वेगळ्या डब्यात ठेवतो.

डिस्क घ्यायची ती झिर्कोनियाची किंवा सिरॅमिक, 60 किंवा 80 ग्रिट, नवीन, फक्त एसएससाठी. ॲल्युमिनियम ऑक्साइडचीही चालते, फक्त मग त्या रीडिंगमधल्या ॲल्युमिनियमकडे लक्ष देऊ नका. दाबून धरून निळं करू नका, डिस्कमधलं रेझिन जळून तेही कार्बन सोडतं. हलका दाब, एकाच दिशेने, चार-पाच फेरे. आणि घासल्यावर हात लावायचा नाही, फडक्याने पुसायचं नाही, ॲसिटोन नाही, काही नाही, लगेच गन टेकवायची. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं पुसलं की स्वच्छ. ताज्या घासलेल्या धातूपेक्षा स्वच्छ तुमच्या शॉपमध्ये दुसरं काहीच नाही.

बफिंग तर अजून वाईट. बफिंग कंपाउंडमध्ये मेण आणि चरबी असते, म्हणून तुमचं 0.024 आणि 0.041 असं नाचतंय, जिथे मेण राहिलं तिथे वर, जिथे निघालं तिथे खाली. त्यात आणखी एक गंमत, आरशावर लेझर नीट पकडतच नाही. ह्या लेझरचा उजेड बहुतेक 1064 नॅनोमीटरचा म्हणजे डोळ्याला न दिसणारा, आणि पॉलिश केलेला धातू तो बराचसा परत फेकतो, ॲल्युमिनियम आणि तांबं तर नव्वद टक्क्यांच्या वर. ठिणगी एकदा पेटली की प्लाझ्मा स्वतःच उजेड शोषतो, पण पहिले काही शॉट अशक्त जातात, मग लेझर स्वतःच सरफेस खरडून काढतो आणि पुढचे शॉट सुधारतात. जरा खरखरीत सरफेसमध्ये उजेड खाचेत अडकतो आणि ठिणगी पहिल्यापासून जोरात पेटते. म्हणून 1000 नंबरपर्यंत जाऊ नका, वेळ वाया आणि रीडिंगही सुधारत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, ठिणगी अशक्त असली तर असू दे, गन काय लोखंडाच्या रेषेशी तुलना करूनच कार्बन काढते, दोन्ही सारखेच कमी होतील. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. अर्ध खरं आहे. उजेड निम्मा झाला तर दोन्ही रेषा निम्म्या होतात, तुलना तीच राहते. पण ठिणगीचं तापमान घसरलं तर दोन्ही सारख्या घसरत नाहीत. कार्बनची 193 नॅनोमीटरची रेषा पेटायला जवळजवळ 7.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, लोखंडाच्या नेहमीच्या रेषा 4-5 मध्ये पेटतात. जो दिवा पेटायला अवघड तो आधी विझणार. ढोबळ हिशोब करा, प्लाझ्मा 10,000 केल्विनचा धरला आणि तो फक्त 5 टक्क्यांनी थंड झाला तर कार्बनची लोखंडाशी तुलना साधारण 15 टक्क्यांनी पडते. 0.030 चा माल 0.026 दिसेल. सरफेस, फोकस, गॅस ह्यातलं काहीही ठिणगी थंड करतं, म्हणून कार्बनला ह्या सगळ्याचं एवढं कौतुक करावं लागतं आणि निकेलला नाही.

आणि गॅस म्हटलं की तुमची ट्यूब आली.

25 एमएमची गोल ट्यूब आणि गनचं सपाट नोझल, समजा तोंड 10 एमएम रुंद. मध्ये टेकलं की दोन्ही कडांना किती फट राहते? वर्तुळाचं गणित मांडलं तर जवळजवळ 1 एमएम. फोकसला ट्यूबच्या गोलाईने काही होत नाही, लेझर जेवढ्या जागेत फिरतो ती एखादा एमएम, तेवढ्यात फरक पडतो 10 मायक्रॉनचा. पण त्या 1 एमएमच्या फटीतून आर्गॉन सुसाट बाहेर आणि हवा आत. हवेत ठिणगी थंड आणि छोटी होते, आणि वर हवेतला ऑक्सिजन 200 नॅनोमीटरच्या खालचा उजेड गिळतो, नेमकी कार्बनची रेषा तिथेच. दोन्हीकडून कार्बन मार खातो आणि स्क्रीनवर 0.009 येतं, ग्रेडपुढे हिरवी टिक. म्हणून म्हटलं की हे सगळ्यात वाईट रीडिंग. बऱ्याच गनांना गोल जॉबसाठी वेगळं नोझल मिळतं, तोंड बारीक किंवा व्ही आकाराचं, सप्लायरला विचारा. ट्यूबवर सपाट जागा घासून काढायचा विचार आला असेल तर सोडून द्या, 10 एमएमची सपाटी काढायला तोच 1 एमएम खावा लागेल आणि तुमची ट्यूबच दीड-दोन एमएमची. त्यापेक्षा ट्यूबचा तुकडा कापा, उभा चिरा, व्हाइसमध्ये दाबून सपाट करा, घासा, मारा. आम्ही असंच करतो, दहा मिनिटांचं काम.

हाच फटीचा प्रकार खरखरीत कास्टिंगवर होतो. तिथे लोक लेझरच्या फोकसला दोष देतात, बऱ्याचदा दोष नोझलखालून निसटणाऱ्या आर्गॉनचा असतो.

आता खरं रीडिंग कुठलं ते इथे बसून मी सांगू शकत नाही, पण तुम्ही स्वतः अर्ध्या दिवसात शोधू शकता. त्याच प्लेटचा हाताएवढा तुकडा कापा, त्यातला एक कोपरा लॅबला देऊन ज्वलन पद्धतीने कार्बन करून घ्या, तो झाला तुमचा देव. उरलेल्या तुकड्यावर चार चौकोन आखा: एक फिल्म सोलून तसाच, एक नवीन झिर्कोनिया डिस्कने, एक तुमच्या जुन्या डिस्कने, एक बफ केलेला. प्रत्येकावर दहा-दहा रीडिंग, जागा बदलून. मग दोन गोष्टी वेगळ्या बघा, सरासरी कुठे आहे आणि पसारा किती आहे. सरासरीच सरकलेली असेल आणि पसारा कमी, तर सगळीकडे सारखी घाण आहे किंवा तुमची तयारी आणि कॅलिब्रेशनच्या पीसची तयारी जुळत नाही. सरासरी बरोबर पण पसारा मोठा, तर टेकवण्यात, फटीत, चढउतारात घोळ आहे, तिथे रीडिंग वाढवून सरासरी घेतली तर काम भागतं (चार पट रीडिंग घेतली तर पसारा निम्मा, त्यापेक्षा जास्त आशा धरू नका). घाणीची सरासरी हजार वेळा काढली तरी घाणच मिळणार. गनमध्ये प्रत्येक शॉटचा आलेख दिसत असेल तर तोही बघा, एकाच जागी मारताना कार्बन शॉटगणिक खाली येत असेल तर वरची साल आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट असेल तर धातूतलाच आहे.

आणि कॅलिब्रेशनचं वर आलं ते नीट सांगतो कारण ते सगळ्यात जास्त चुकतं. गनबरोबर आलेला चेक पीस लोक जपून ठेवतात, चकाचक, डबीत, कापसात. रोज सकाळी त्यावर मारतात, बरोबर आलं की खूश, आणि मग 60 ग्रिटने घासलेल्या मालावर जातात. चेक पीसही त्याच डिस्कने, त्याच दाबाने घासून मग मारा. मनाला लागतं, महागाचा पीस आहे, पण तो घासण्यासाठीच असतो. स्पार्क मशीनवर हे सगळे करतात, गन हातात आली की का विसरतात कळत नाही.

आणखी एकांनी ॲल्युमिनियम कास्टिंगवर लोखंड जास्त का दिसतं असं विचारलंय म्हणून तेही उरकतो. शॉट ब्लास्ट केलेल्या (बारीक गोळ्या मारून साफ केलेल्या) एलएम 25 ह्या ॲल्युमिनियमच्या कास्टिंग ग्रेडवर लोखंड 0.9 येत असेल (लिमिट 0.5) तर भट्टीवाल्याला शिव्या देण्याआधी ब्लास्टिंगमध्ये स्टीलचे शॉट आहेत का बघा, ते मऊ ॲल्युमिनियमवर लोखंड रुतवतात. आणि ॲल्युमिनियमला डिस्क लावूच नका, ते चोपडून निघतं, खाचा बुजतात आणि घाण आत गाडली जाते. धारदार टूलने लेथवर किंवा मिलिंगवर एक कट घ्या, कोरडा. ग्रे आयर्नच्या कास्टिंगवर थेट कार्बन मोजायला मागणाऱ्यांना मी शिरोलीपासून एकच सांगत आलोय, तिथे सरफेसचा प्रश्नच नाही, आत ग्राफाइटच्या पाकळ्या आहेत, स्पॉट पाकळीवर पडला तर एक आकडा आणि मधल्या लोखंडावर पडला तर दुसरा, आणि घासताना ग्राफाइट उपटून निघतं ते वेगळंच. तांब्याच्या साच्यात ओतलेलं पांढरं नाणं (झटकन थंड झाल्याने ग्राफाइट न बनलेलं) करा आणि त्यावर मोजा, गनने मोजायला दुसरा रस्ता नाही.

परत तुमच्या प्लेटवर येतो. नवीन डिस्क, 60-80 ग्रिट, पुसायचं नाही, नोझल पूर्ण टेकलेलं, किमान पाच जागी रीडिंग. माझा अंदाज, तुमचं 0.02 च्या आसपास येईल. आलेलं 0.025 च्या खाली असेल तर मी पास करतो, 0.035 च्या वर असेल तर परत घासून बघतो आणि तरीही तेच असेल तर होल्ड, आणि मधलं असेल तर गनवर भांडत बसत नाही, तुकडा लॅबला पाठवतो. तिसऱ्या दशांशावर सप्लायरशी वाद घालायला हे यंत्र नाही. हे आकडे माझ्या गनच्या अनुभवावरून आहेत, वरचा चार चौकोनांचा प्रयोग केलात की तुमचे तुम्हाला कळतील.

शेवटचं एक, प्लेटची कुठली बाजू घासायची ते आधी ठरवा. दुधाला लागणाऱ्या बाजूवर 60 ग्रिटची खरड आणि लेझरचे काळे ठिपके दिसले तर गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर टाकीच नाकारेल. आम्ही कापून वाया जाणाऱ्या कडेवर किंवा टाकीच्या पाइपजोडासाठी पाडलेल्या भोकातल्या चकतीवर मारतो, त्या चकतीवर हीट नंबर (माल कुठल्या ओतीचा तो नंबर) पंच करून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तीच चकती परत घासता येते.